धुराचं वलय: बादली, अगरबत्ती आणि नेमकी थाप

तोंडातून धुराची गोल गोल वलयं सोडणारा माणूस चारचौघांत भाव खाऊन जातो. कॉलेजच्या वयातल्या पुष्कळ मुलांना ही कला शिकायची असते आणि त्यापायी सिगारेट, हुक्का नाहीतर व्हेप हातात येतो. महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर २०१८ पासून बंदी आहे आणि ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर बंदी आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पण कायद्याहून मोठी गोष्ट मला वेगळी वाटते. वलय तयार व्हायला फुप्फुसात धूर घ्यायची काहीच गरज नसते. लागतं ते एक भोक, त्यामागे कोंडलेली हवा आणि एक नेमकी थाप. धूर असतो तो फक्त ती हवा डोळ्यांना दिसावी म्हणून. रंगाची २० लिटरची रिकामी बादली कुठल्याही तोंडापेक्षा मोठं, सुबक आणि लांब जाणारं वलय सोडते, आणि शाळेतलं पोरही ते एका सकाळीत शिकतं.

लागणारं सगळं सामान जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या कुठल्याही बाजाराच्या गावी मिळतं. बहुतेक तर घरातच सापडतं.

वलय बनतं कसं

हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. थाप का चुकली हे पुढे ओळखायचं असेल तर ते इथूनच कळणार आहे.

बादलीच्या मागच्या पडद्यावर थाप मारली की भोकातून हवेचा एक गोळा झटकन बाहेर पडतो. मधली हवा सरळ पुढे सुटते. भोकाच्या कडेला घासून येणारी हवा मात्र मागे रेंगाळते आणि बाहेरच्या बाजूने मागे वळून स्वतःभोवती गुंडाळली जाते. भोकाच्या सगळ्या कडेने हे एकाच वेळी होतं, म्हणून गुंडाळी गोल होते. पीव्हीसी पाइपच्या जोडात बसवायची रबरी रिंग शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे. ती पाइपच्या आत घट्ट बसवून पुढे लोटली तर तिची बाहेरची बाजू पाइपला टेकून मागे राहते, आतली पुढे येते आणि रिंग स्वतःतच लोळत सरकते. धुराचं वलय हवेत नेमकं असंच लोळत जातं. आतून पुढे, बाहेरून मागे.

नुसती फुंकर हातभर गेली की विरते आणि वलय मात्र खोली पार करतं, त्याचं कारण हेच. फिरणारी हवा आपल्यासोबत हवेचा एक गोळाच घेऊन चाललेली असते आणि आजूबाजूच्या हवेशी तिची झटापट कमी होते.

या भोवऱ्यांचं गणित जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५८ मध्ये मांडलं. त्यावर १८६७ मध्ये एडिंबरोचे प्राध्यापक टेट यांनी एक खोका बनवला. पुढे गोल भोक, मागच्या बाजूला ताणलेलं कापड, आत धूर. त्यांनी सोडलेली वलयं एकमेकांवर आपटून थरथरताना, पण न मोडताना पाहून विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, इतके भारावले की अणू हे असेच भोवरे असावेत असा सिद्धांत त्यांनी मांडून टाकला. सिद्धांत टिकला नाही. पण त्याच्या नादाने टेट यांनी गाठींच्या प्रकारांच्या याद्या करायला घेतल्या आणि त्यातून गणिताची एक शाखा उभी राहिली. आपण बनवणार आहोत ती वस्तू टेट यांच्या खोक्याचीच बहीण आहे.

आधी पाण्यात बघा

धुराला हात लावण्याआधी एक काचेचा उंच ग्लास पाण्याने भरा आणि दहा मिनिटं हलवू नका. ड्रॉपरने शाईचा एक थेंब दोन-चार सेंटीमीटरवरून पाण्यात पडू द्या. थेंब पाण्यात शिरताच त्याचं वलय होतं आणि ते खाली उतरत रुंदावतं. मग त्याला गाठी येतात आणि प्रत्येक गाठीतून आणखी लहान वलय लोंबतं. उंची वाढवली की थेंब नुसता शिंतोडे उडवतो, वलय होत नाही. धक्का किती हवा याला एक मर्यादा असते, ही गोष्ट इथे डोळ्यांनी दिसते. लहान मुलांना सुरुवात इथूनच करून द्यावी. निखारा नाही, धूर नाही, आणि दहा वेळा केलं तरी कंटाळा येत नाही.

बाटलीची छोटी तोफ

थंड पेयाची दोन लिटरची बाटली घ्या. तिचा तळ कात्रीने गोल कापा. कापलेल्या धारेवर चिकटपट्टी लावा, नाहीतर फुगा फाटतो आणि बोटही कापतं. मोठा फुगा देठाकडून कापून त्याचं रबर तळावर ताणून बसवा आणि भोवती सायकलच्या ट्यूबची चकती किंवा रबरबँड चढवा. बाटलीच्या तोंडातून अगरबत्तीचा धूर आत जाऊ द्या, बाटली आडवी धरा आणि फुग्यावर बोटाने टिचकी मारा.

इथे जवळजवळ प्रत्येकजण जास्त जोर लावतो. थोडा हिशेब मांडू या, मग जोर का नको ते पटेल. मोर्तेझा घरीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये पाण्यातल्या प्रयोगांवरून दाखवलं की भोकातून ढकललेल्या द्रवाच्या खांबाची लांबी भोकाच्या व्यासाच्या साधारण चौपट होईपर्यंतच वलय ते सगळं पोटात घेतं. त्यापुढे ढकललेलं सगळं मागे शेपटीसारखं लोंबत राहतं. बाटलीच्या तोंडाचा व्यास सव्वादोन सेंटीमीटरच्या आसपास असतो. त्याच्या चौपट लांबीच्या खांबात ३५ मिलिलीटरच्या आसपास हवा बसते. इतकी हवा बाहेर जायला फुग्याचा मध्य फक्त १ सेंटीमीटर आत जावा लागतो. म्हणून टिचकी. मूठ मारली तर ढग निघतो, वलय नाही.

बाटलीचं वलय तिच्या तोंडापेक्षा थोडंच मोठं असतं आणि लवकर विरतं, पण थापेचा हात इथेच बसतो. एकामागून एक स्वच्छ वलयं निघायला लागली की मगच बादलीकडे वळा.

बादली

डिस्टेंपरची किंवा ऑइलपेंटची २० लिटरची प्लास्टिकची बादली रंगाऱ्याकडे सहज मिळते. ऑइलपेंटची असेल तर आतला थर पूर्ण वाळवून खरवडून काढा. ओला रंग आणि निखारा एकत्र येता कामा नयेत. डिस्टेंपरची पाण्याने धुतली की झालं, म्हणून मी तीच घ्यायला सांगेन.

भोक तळाला पाडायचं, पडदा तोंडाला बांधायचा. तळाचा मध्य नीट शोधा, कंपासने ८ सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. प्लंबरकडे ड्रिलला लावायचं गोल कटर असतं. त्याने पाडलेलं भोक सगळ्यात उत्तम. नसेल तर एक लहान भोक पाडून हॅक्सॉ ब्लेडने रेघेवरून सावकाश कापा. गरम सुरीने प्लास्टिक वितळवू नका, त्याचा धूर घातक असतो आणि कडाही जाड, वेडीवाकडी होते. मग पॉलिश पेपरने कड घासा. बोट फिरवल्यावर कुठेही टोचलं नाही पाहिजे. या कामाला अर्धा तास गेला तरी जाऊ द्या. कडेला एका जागी उरलेला कंगोरा पुढे प्रत्येक वलयाला तिथेच वाकवतो.

पडद्याला टेबलावर अंथरायचं पारदर्शक जाड प्लास्टिक चांगलं. बादलीच्या तोंडापेक्षा चारी बाजूंनी वीतभर मोठं कापा. ते ताणून बांधायचं नाही. मध्ये हाताने दाबून आठेक सेंटीमीटरचा झोळ ठेवा आणि कडेने सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी तीन-चार वेढे देऊन घट्ट आवळा. पट्टीखालून हवा निसटत असेल तर थापेचा अर्धा जोर तिथेच जातो. भोकावर तळहात ठेवून पडदा दाबा. पडदा घट्ट लागला तर बांधणी बरोबर आहे.

पंक्चरच्या दुकानात ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाची जुनी ट्यूब मिळाली तर तिचं रबर कापून पडदा करता येतो. तो वर्षानुवर्षं टिकतो, पण जाड असल्याने लहान मुलांच्या हाताला जड जातो.

आठ सेंटीमीटरच का? वरचाच हिशेब लावा. चौपट लांबीच्या खांबात १.६ लिटर हवा होते आणि २८ सेंटीमीटरच्या पडद्याचा मध्य साताठ सेंटीमीटर आत गेला की तेवढी हवा बाहेर पडते. हाताची एक मोकळी थाप तेवढंच काम करते. भोक १२ सेंटीमीटरचं केलंत तर पाच लिटरच्या वर हवा लागेल आणि तेवढी या पडद्यातून निघणार नाही. वलय मग बारीक आणि अशक्त येतं.

धूर

चार-पाच अगरबत्त्या एकत्र पेटवा, ज्योत विझवा आणि बादलीचं भोक खाली करून धूर आत चढू द्या. धूर वर जातो, त्यामुळे भोक खाली असलं की बादली आपोआप भरते. अगरबत्ती भोकापासून वीतभर लांब ठेवा, प्लास्टिकला आच लागू देऊ नका. घरात धुपाटणं असेल तर गवरीच्या निखाऱ्यावर ऊद किंवा गुग्गुळ टाकून दाट धूर मिळतो, पण बादली आणखी उंच धरावी लागते. भरल्यावर भोकावर पुठ्ठा ठेवून अर्धा मिनिट थांबा. गरम धुराचं वलय वाटेत वर उचललं जातं, निवलेल्याचं सरळ जातं.

याहून चांगला पर्याय लग्नातल्या डीजेवाल्याकडे असतो: फॉग मशीन. एका दाबात बादली दाट भरते आणि निखाऱ्याची भीती राहत नाही. मशीनचं तोंड मात्र तापलेलं असतं, मुलांना त्यापासून दूर ठेवा. पाण्यात ठेवायची अल्ट्रासॉनिक चकतीही चालते. ती पाण्याचं बारीक धुकं करते, ते थंड असतं. फक्त मार्च ते मे या महिन्यांत जळगाव-भुसावळकडची हवा इतकी कोरडी असते की ते धुकं चार हात जाण्याआधीच विरतं. पावसाळ्यात मात्र तेच धुकं छान टिकतं.

प्लास्टिक, टायर, फटाके यांचा धूर कधीही वापरू नका. डासांची कॉइल तर बंद खोलीत मुळीच नको. अगरबत्तीचा धूरही निरुपद्रवी नाही. दहा-पंधरा मिनिटं झाली की दारं-खिडक्या सताड उघडा, दमेकरी आणि तान्ह्या बाळाला त्या खोलीपासून लांब ठेवा. आणि एक गोष्ट आपल्या भागासाठी खास: चांगल्या दराची वाट बघत घरात कापूस भरून ठेवलेला असेल तर त्या घरात निखारा पेटवायचाच नाही. शेजारच्या खोलीतही नाही. कापसात शिरलेली ठिणगी आत धुमसत राहते आणि तासाभराने भडका उडतो. अशा घरच्या मुलांनी शाळेत किंवा अंगणात करावं.

हवा आणि उजेड

पंखा बंद, कूलर बंद, दार लोटलेलं. तरी खोली शांत आहे का हे बघायला एकच अगरबत्ती लावा आणि तिच्या धुराची रेघ बघा. वीतभर तरी सरळ वर जात असेल तर काम होईल. मुळापासूनच नाचत असेल तर थांबा. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात दुपारी हे जमत नाही, तापलेल्या पत्र्याखाली हवा सतत हलत असते. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतच्या सकाळी सगळ्यात चांगल्या. थंडीत तापीकाठच्या गावांत सकाळी चुलीचा धूर घरांवर थर धरून बसलेला दिसतो ना, अगदी तशी हवा हवी. अशा सकाळी अंगणातसुद्धा वलय लांबवर जातं.

उजेडाकडे बहुतेकजण दुर्लक्ष करतात. पांढऱ्या भिंतीसमोर धूर दिसत नाही. समोर काळी घोंगडी किंवा गडद चादर टांगा. बॅटरी बघणाऱ्यांच्या पाठीमागून मारू नका. ती वलयाच्या पलीकडून, थोडी तिरपी, बघणाऱ्यांच्या दिशेने पण डोळ्यांवर न येईल अशी ठेवा. धुराचे कण पुढच्या दिशेने जास्त उजेड फेकतात, त्यामुळे वलयाची गुंडाळीसुद्धा स्पष्ट दिसते. जुन्या धाब्याच्या घरात छताच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप खाली येते. त्या तिरपीतून वलय गेलं की त्याचा जणू आडवा छेद दिसतो. बॅटरीपेक्षा मला ती तिरीपच आवडते.

थाप

बादली टेबलावर आडवी ठेवा, भोक बघणाऱ्यांकडे. ती लोळू नये म्हणून दोन्ही बाजूंना विटा लावा. हातात धरून मारू नका. हात हलला की भोकही हलतं आणि वलय तिरकं सुटतं.

पडद्याचा झोळ आधी सावकाश बाहेर ओढा. सावकाश अशासाठी की झटक्याने ओढलात तर बाहेरची स्वच्छ हवा भोकातून आत घुसते आणि पहिलं वलय फिकं येतं. मग तळहात मोकळा, बोटं सैल ठेवून मध्यावर थाप मारा आणि हात लगेच मागे घ्या. पडद्यावर हात टेकवून ठेवलात तर हवा ढकलली जात राहते. ढोलकीवर खुली थाप मारणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, त्याचा हात आपोआप उठतो.

जोर तीन पायऱ्यांत शिका. आधी अगदी हलकी, म्हणजे वलय जेमतेम सुटेल अशी. ते संथ चालतं आणि त्याचं गुंडाळणं नीट बघता येतं. मग मधली. ही रोजच्या कामाची थाप, हिचं वलय गोल राहून खोली ओलांडतं. शेवटी जोराची. वलय सणकन जातं, पण थोड्याच अंतरावर त्याच्या कडेला लाटा उठतात आणि ते मोडतं. पातळ, वेगवान वलयाच्या अंगातच ही थरथर असते, त्याला इलाज नाही. जोर वाढवून अंतर वाढत नाही, हे हाताला कळेपर्यंत मधल्या थापेवरच राहा.

आता बिघाड. वलयाऐवजी ढग निघाला तर थाप लांबली आहे किंवा भोकाच्या मानाने हवा जास्त गेली आहे. वलय निघतं पण मागे जाड शेपूट असते, तेही याच कारणाने. वलय दर वेळी एकाच बाजूला झुकत असेल तर भोक मध्यावर नाही किंवा थाप मध्यावर पडत नाही. थाप बदलून बघा, तरी झुकलं तर भोकाची कड तपासा. दर वेळी वेगवेगळ्या बाजूला जात असेल तर खोलीत वारा आहे. वर उचललं जात असेल तर धूर गरम आहे. काहीच दिसत नसेल, पण समोर धरलेला कागद फडफडत असेल, तर वलय बरोबर आहे आणि धूर किंवा उजेड कमी पडतोय. ही शेवटची परीक्षा मुद्दाम करा. धूर न भरता थाप मारा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी उभं करा. काही न दिसता गालावर हवेचा धप्पा बसला की पोरं अहिराणीत ओरडतात, "आखो एक! आखो एक!" म्हणजे अजून एक! वलय हवेचं असतं हे त्यांना तेव्हा खरं कळतं.

आकाराची वलयं

चौकोनी, त्रिकोणी, बदामी वलय सोडता येईल का, हा प्रश्न हमखास येतो. करून बघण्यासारखं आहे. केळीच्या खोक्याच्या जाड पुठ्ठ्याच्या चकत्या कापा, प्रत्येकीत वेगळ्या आकाराचं भोक पाडा आणि बादलीच्या भोकावर चिकटपट्टीने बसवा. चौकोनाची बाजू पाचेक सेंटीमीटर, लंबगोल ७ बाय ३.५, म्हणजे आकार बादलीच्या भोकात पुरता मावतो. पुठ्ठ्याच्या कडा ब्लेडने एका दमात कापा, कुरतडू नका.

लंबगोल सगळ्यात सुंदर. भोक आडवं ठेवलं तर वलय आडवं सुटतं, थोडं पुढे जाऊन गोल होतं आणि मग उभं लंबगोल होतं. पुन्हा गोल, पुन्हा आडवं, असं हेलकावे खात जातं. कारण असं की वलयाचा जो भाग जास्त वाकलेला असतो तो जास्त वेगाने पुढे सरकतो. लंबगोलाची दोन टोकं जास्त वाकलेली, ती पुढे निघतात. त्यामुळे वलय वाकतं, टोकं आत ओढली जातात आणि मधल्या बाजू बाहेर फुगतात. मग त्यांची पाळी. चौकोनात चारी कोपरे पुढे झेपावतात, आणि जरा पुढे गेल्यावर जिथे कोपरे होते तिथे सपाट बाजू आणि बाजूंच्या जागी कोपरे दिसतात. त्रिकोणाचंही तसंच, पण तो लवकर मोडतो.

बदाम किंवा चांदणी मात्र टिकत नाही. भोक कितीही सुबक कापा, आतल्या खाचेपाशी वलय गुंततं आणि क्षणात गोलाकडे वळतं नाहीतर फाटतं. बदाम तसाच तरंगत गेला असं दाखवणारा व्हिडिओ कुठे दिसला तर त्यावर विश्वास ठेवू नका. गोल हीच या हवेची स्थिर अवस्था आहे.

पणती, भिंत आणि दोन वलयं

पणती विझवणं सोपं आणि बघणाऱ्यांना सगळ्यात आवडणारं. आधी दीड मीटरवर ठेवा, भोकाच्या मध्याच्या उंचीला. जमलं की मागे सरकवा. बादलीने तीन मीटरवरची पणती नेम धरून विझते. पुठ्ठ्याच्या पेल्यांचा मनोराही पडतो.

भिंतीवर सोडलेलं वलय बघायला विसरू नका. भिंतीजवळ येताच ते मंदावतं आणि पसरत पसरत मोठं होतं. दोन बादल्या असतील तर त्या दोन मीटर अंतरावर एकमेकींसमोर ठेवून एकदम थाप मारा. वलयं समोरासमोर भिडली की भिंतीवर होतं तेच होतं, दोन्ही पसरून मोठी बारीक चकती होतात आणि विरतात. एक जरी इंचभर वर-खाली झालं तरी ती एकमेकांना खेटून तिरकी निघून जातात. म्हणून दोन्ही भोकांच्या मध्यांतून दोरी ताणून आधी रेषा जुळवा.

सगळ्यात अवघड म्हणजे एका वलयातून दुसरं पार करणं. हेल्महोल्ट्झ यांनी हे गणितातच सांगून ठेवलं होतं. एकाच वाटेने दोन वलयं एकामागून एक गेली की पुढचं रुंदावतं आणि मंदावतं, मागचं आक्रसतं आणि वेग घेतं, मग ते पुढच्याच्या पोटातून निघून जातं. करायचं ते एवढंच: एक हलकी थाप आणि लगेच मागोमाग तितकीच किंवा जराशी जास्त. बहुतेक वेळा दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. पार झालेलं दिसलं तर ते इतकं झटकन होतं की मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केल्याशिवाय खात्री पटत नाही. चिकाटी असलेल्यांनीच यामागे लागावं.

इथे गारपिटीचा एक मुद्दा सांगावासा वाटतो, कारण रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांना गारांची झळ ठाऊक आहे. १८९६ च्या सुमारास ऑस्ट्रियात आल्बर्ट श्टिगर यांनी द्राक्षबागांसाठी भल्यामोठ्या कर्ण्याच्या तोफा उभ्या केल्या. स्फोट करून ढगाकडे हवेचं वलय सोडायचं, म्हणजे गारा होणार नाहीत, ही कल्पना. १९०० च्या आसपास युरोपात अशा हजारो तोफा होत्या. चाचण्या झाल्या, उपयोग सिद्ध झाला नाही आणि त्या मागे पडल्या. आजही तशी यंत्रं विकली जातात. गारा थांबतात असा भरवशाचा पुरावा मात्र अजून मिळालेला नाही. गारांचे ढग काही किलोमीटर उंच असतात आणि वलय तिथवर जात नाही. कुणी बागेसाठी असं यंत्र विकायला आलं तर हे लक्षात ठेवा.

तोंडाने, पण धुराशिवाय

तोंडाचीच हौस असेल तर तीही भागते. पेटती पणती हातभर अंतरावर ठेवा. ओठांचा ‘ओ’ करा, गाल फुगवा आणि गालावर बोटाने टिचकी मारा. किंवा घशातून खोकल्याच्या सुरुवातीसारखा ‘ह’ सोडा, फुंकर न घालता. गाल म्हणजे पडदा, ओठ म्हणजे भोक. सुटलेलं वलय दिसत नाही, पण ज्योत एका झटक्यात वाकते आणि सरळ होते. फुंकर घातली तर ती सतत फडफडते, त्यामुळे फरक लगेच कळतो. धुळ्याकडच्या कडक थंडीत सकाळी तोंडातून वाफ निघते तेव्हा उन्हाच्या विरुद्ध बाजूला उभं राहून हेच केलं तर अर्धं-मुर्धं वलय दिसतंही, पण वाफ लगेच विरते. सिगारेट ओढणारा जे करतो ते इतकंच, आणि ते शिकायला तंबाखू लागत नाही.

प्रदर्शनात मांडताना

डिसेंबर-जानेवारीत तालुक्याची विज्ञान प्रदर्शनं असतात, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. तिथे मांडायचं असेल तर मंडपाच्या कडेची जागा मागू नका, तिथे वारा लागतो. वर्गखोलीतला कोपरा मिळवा. प्रदर्शनात निखारा न्यायची परवानगी बहुधा मिळत नाही, म्हणून फॉग मशीन किंवा धुक्याची चकती ठरवा आणि आदल्या दिवशी त्याच खोलीत करून बघा. क्रम असा ठेवा: आधी धुराशिवाय गालावर हवेचा धप्पा, मग पणती, मग धूर भरून गोल वलय, शेवटी लंबगोलाची चकती. आधी धूर दाखवला तर परीक्षकाला तो धुराचा खेळ वाटतो. आधी धप्पा बसला की तो स्वतःच विचारतो, "हे काय होतं?" आणि मग मुलांना समजावून सांगायला जागा मिळते. शेजारी पाण्याचा ग्लास आणि शाई ठेवा. गर्दीत लहान पोरांना बादली हाताळता येत नाही, थेंब मात्र प्रत्येकाला टाकता येतो.

वापर झाला की बादली आतून पुसा. अगरबत्तीचा धूर पिवळसर चिकट थर सोडतो. तो साठला की भोकाची कड खडबडीत होते आणि वासही येतो. धुण्याचा सोडा टाकलेल्या कोमट पाण्याने तो निघतो. पडदा सोडून वेगळा वाळवा आणि गुंडाळी करून ठेवा, घडी घालू नका. घडीवर प्लास्टिक तडकतं. ट्यूबच्या पट्टीला उन्हापासून जपा, आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात ती चार दिवसांत चिरफाळते.